ओले पाय, कोरडे पाय: क्यूबन लोकांसाठीचा अमेरिकेचा वेगळा न्याय नक्की संपला का?

मनस्वी मंगेश
नमस्कार मंडळी. बरेच दिवस एक शंका डोक्यात आहे. क्यूबातून निघालेल्या माणसाचे पाय फ्लोरिडाच्या वाळूला लागले की त्याला अमेरिकेत राहू देत. तोच माणूस किनाऱ्याच्या जरा अलीकडे पाण्यात सापडला तर रवानगी परत क्यूबाला. यालाच 'ओले पाय, कोरडे पाय' धोरण म्हणत. ओबामांनी जाता जाता, १२ जानेवारी २०१७ रोजी, ते बंद केले असे सगळीकडे वाचायला मिळते. मग त्यानंतर आलेल्या क्यूबन लोकांनाही वर्षभराने ग्रीनकार्डाचा अर्ज करता येतो तो कसा? बंद केले म्हणजे नक्की काय बंद केले?

माझे मत विचाराल तर ही सवलत मुळातच अन्यायाची होती आणि शीतयुद्धाबरोबरच संपायला हवी होती. पण मत राहू द्या, आधी माहिती हवी आहे.

बेरकी बोका
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. 'मत राहू द्या' म्हणून निघालेल्या धाग्यांची शंभरी हमखास होते.

टँपाकर
मंगेश, तुझ्या प्रश्नात कायदा आणि धोरण एकत्र झाले आहेत.

कायदा १९६६ चा, काँग्रेसने म्हणजे अमेरिकेच्या संसदेने केलेला. क्यूबन माणसाला तपासणी करून रीतसर आत घेतले असेल किंवा 'पॅरोल' दिला असेल, आणि तो ठरावीक काळ अमेरिकेत राहिला असेल (आधी दोन वर्षे होती, नंतर एक झाले), तर तो कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करू शकतो. छळ झाल्याचा पुरावा नको, अमेरिकेत नातेवाईक नको, नोकरी नको, कोटाही नाही. इथला पॅरोल म्हणजे व्हिसा नसलेल्या माणसाला सरकारने आपल्या अखत्यारीत तात्पुरते आत येऊ देणे.

ओले-कोरडे हे १९९५ चे, क्लिंटन प्रशासनाचे धोरण. कोरड्या पायाला पॅरोल द्यायचा, ओल्याला परत पाठवायचे. ओबामांनी एवढेच मागे घेतले. १९६६ चा कायदा राष्ट्राध्यक्षाच्या एका सहीने जात नाही, त्यामुळे तो आजही जागेवर आहे. २०१७ नंतर आलेल्याने दुसऱ्या कुठल्या मार्गाने पॅरोल मिळवला, तर वर्षाने त्याला तोच कायदा लागू होतो.

ढब्बू मिरची
संपला की धागा. पहिल्याच माहितीपूर्ण प्रतिसादात उत्तर? हे नियमात बसत नाही.

अण्णा देवरुखकर
टँपाकरांचे उत्तर बरोबर आहे, पण हा कायदा करावा का लागला ते सांगायला हवे.

१९५९ ला कास्त्रो आला. पहिल्या दोन-तीन वर्षांत जे निघाले ते डॉक्टर, वकील, साखर कारखानदार. 'सहा महिन्यांत कास्त्रो पडेल, मग परत जाऊ' या हिशेबाने आलेली मंडळी. पोरांना सरकार कम्युनिस्ट करून टाकेल या भीतीने १९६० ते ६२ मध्ये चौदा हजारांहून अधिक मुले आईबापांनी एकटी विमानात बसवून मायामीला पाठवली. त्याला 'पेद्रो पान' मोहीम म्हणतात, आणि ती कॅथलिक चर्चने चालवली. १९६२ च्या ऑक्टोबरात क्षेपणास्त्रांवरून जग युद्धाच्या काठावर गेले, विमाने बंद झाली आणि यांतली कित्येक मुले वर्षानुवर्षे आईबापांपासून तुटली.

१९६५ मध्ये कास्त्रोने कामारिओका बंदर उघडले: ज्यांना जायचे त्यांनी जा. नंतर दोन्ही सरकारांनी करार करून वारादेरोहून मायामीला विमाने सुरू केली. ती १९७३ पर्यंत चालली आणि अडीच लाखांवर माणसे आली. आता ही सगळी माणसे अमेरिकेत होती ती पॅरोलवर, म्हणजे कायमचा दर्जा काही नाही. ग्रीनकार्ड हवे तर देशाबाहेर जाऊन व्हिसा घेऊन परत यायचे. एवढ्या लोकांना कुठे पाठवणार? म्हणून १९६६ चा कायदा. मुळात ती कागदोपत्री सोय होती, पण शीतयुद्धात तिला वेगळीच धार आली. कम्युनिस्ट देशातून माणसे पळून येतात हे जगाला दाखवायला याहून चांगली जाहिरात कोणती?

अवांतर: १९८३ ला दिल्लीच्या अलिप्त राष्ट्र परिषदेत कास्त्रोने इंदिराबाईंना भर व्यासपीठावर मिठी मारली होती, ती टीव्हीवर पाहिल्याचे अजून आठवते. १९९२ मध्ये मार्क्सवादी नेते हरकिशनसिंग सुरजीत यांच्या पुढाकाराने इथल्या कम्युनिस्टांनी क्यूबासाठी दहा हजार टन गहू गोळा केला होता. आमच्या पिढीला त्या देशाबद्दल जिव्हाळा होता. तिथून लोक पळतात हे मान्य करायला आम्हाला फार वर्षे लागली.

बेरकी बोका
अण्णा, अमेरिकेने साठ वर्षे निर्बंध लादून त्या देशाचा गळा आवळला, म्हणून लोक पळतात, हे लिहायचे राहिले वाटते.

अण्णा देवरुखकर
राहिले नाही, मुद्दाम लिहिले नाही. निर्बंध क्रूर आहेतच. पण देश सोडायला सरकारची परवानगी लागायची, तो 'पांढरा कागद' २०१३ च्या जानेवारीत रद्द झाला. परवानगीवाचून निघणे गुन्हा होता. तो कायदा काही वॉशिंग्टनने केलेला नव्हता.

जुना खलाशी
नव्वदच्या दशकात मालवाहू जहाजांवर होतो. फ्लोरिडा सामुद्रधुनीतून अनेकदा गेलो आहे, म्हणून थोडे लिहितो.

नकाशावर कीवेस्ट ते क्यूबा नव्वद मैल, पण ते सरळ रेषेतले. मधून गल्फ स्ट्रीम वाहतो, जागोजागी तीन-चार नॉटने. वल्ही मारून किंवा जुन्या इंजिनावर उत्तर धरायला गेलात तर प्रवाह तुम्हाला पूर्वेकडे ओढत नेतो. ज्यांचे इंजिन बंद पडले ते बहामाकडे गेले, किंवा कुठेच पोचले नाहीत.

ट्रकच्या टायरच्या ट्यूबा, दोरी, फळ्या, थर्माकोल, वर ताडपत्री. असला तराफा रडारवर जवळपास दिसतच नाही. रात्रीच्या पाळीला आमचा कप्तान ब्रिजवर जादा माणूस उभा करायचा, नुसता डोळ्यांनी बघायला. दिसला की आधी मायामीच्या कोस्टगार्डला रेडिओवर कळवायचे. समुद्रात संकटात असलेल्याला वाचवणे हे कुठल्याही कप्तानाचे कर्तव्य आहे, ते कायद्याने बांधलेले आहे आणि कोणी मोडल्याचे मी तरी पाहिले नाही. पण उचलल्यावर त्यांना उतरवायचे कुठे, हा प्रश्न प्रत्येक कंपनीला नको असायचा.

रिकामे तराफेही दिसायचे. माणसे उचलली की कोस्टगार्ड त्यांवर रंगाचा फवारा मारून 'ओके' लिहायचे, म्हणजे पुढच्या जहाजाने शोधाशोध करू नये. 'ओके' नसलेला रिकामा तराफा दिसला की ब्रिजवर कोणी बोलायचे नाही. नोंद करायची, कळवायचे, पुढे जायचे.

सोनकी
खलाशीबुवा, दंडवत.

ढब्बू मिरची
+१. यावर वेगळा धागा काढाच.

रांगेतला राघव
सगळे ठीक. आता आमचीही बाजू ऐका. रीतसर व्हिसावर आलो, कर भरतो, ग्रीनकार्डाच्या रांगेतली माझी तारीख २०१३ ची आणि भारतीयांची रांग अजून हललेली नाही. एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, मग तो देश आइसलंड असो की भारत. मुलगी इथे वाढली, पण ती एकवीसची व्हायच्या आत कार्ड आले नाही तर तिला स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. आणि कोणी ट्यूबवर बसून आला की एक वर्ष एक दिवसात काम झाले. मंगेश 'अन्याय' म्हणतो तो सौम्य शब्द आहे.

टँपाकर
राघव, रांगेबद्दलचा राग शंभर टक्के मान्य. पण क्यूबन लोकांची कार्डे तुझ्या कोट्यातून जात नाहीत, त्यांना संख्येची मर्यादाच नाही. तो कायदा उद्या रद्द झाला तरी तुझी तारीख एक दिवसही पुढे सरकणार नाही.

रांगेतला राघव
हे माहीत आहे. तरी जळते.

बेरकी बोका
इनो घ्या.

सोनकी
राघव, जळायचेच असेल तर हैतीच्या लोकांसाठी जळा. तुमच्याकडे निदान रांग आहे.

१९८० चे वर्ष घ्या. क्यूबातल्या मारिएल बंदरातून सव्वा लाख क्यूबन आले, त्याच सुमारास पंचवीस हजारांच्या आसपास हैतीचे लोकही गळक्या होड्यांतून त्याच फ्लोरिडाला लागले. तेव्हा दोन्ही देशांत हुकूमशहा होता, पण हैतीचा हुकूमशहा दुवालिए अमेरिकेचा मित्र. कार्टरनी शेवटी दोघांना एकच तात्पुरता दर्जा दिला. पण क्यूबन माणसाच्या पाठीशी १९६६ चा कायदा होता, हैतीच्या माणसाच्या पाठीशी काही नव्हते. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने दुवालिएशी करार केला, की हैतीच्या होड्या भर समुद्रातच अडवायच्या. १९९२ मध्ये थोरल्या बुशनी हुकूम काढला: जीवाला धोका आहे का हे न विचारताच हैतीला परत सोडा. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरला.

म्हणजे त्या काळात तोच समुद्र, तोच कोस्टगार्ड, आणि हैतीच्या माणसाचे पाय कोरडे झाले तरी वाट्याला बहुधा कोठडीच. यात कातडीच्या रंगाचा भाग नाही असे कोणाला वाटत असेल तर त्याने खुशाल वाटून घ्यावे.

अण्णा देवरुखकर
रंगाचा भाग होताच. पण फ्लोरिडातली मतेही मोजा. नागरिक झालेला क्यूबन मतदार संघटित आहे, खासदार निवडून आणतो. हैतीच्या समाजाकडे तेव्हा ती ताकद नव्हती.

विदाप्रेमी
मारिएलचा विषय निघालाच आहे तर. अर्थशास्त्रात 'स्थलांतरित आले की स्थानिकांची मजुरी घटते का' या वादात मारिएल हे सर्वांचे लाडके उदाहरण. कारण काही महिन्यांत मायामीची श्रमशक्ती एकदम सुमारे सात टक्क्यांनी वाढली, आणि त्याला तिथल्या अर्थव्यवस्थेतले काही कारण नव्हते. कास्त्रोच्या मनात आले म्हणून बंदर उघडले. डेव्हिड कार्ड यांनी १९९० मध्ये दाखवले की कमी शिकलेल्या कामगारांच्या मजुरीवर आणि बेकारीवर फारसा परिणाम झालाच नाही. त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी जॉर्ज बोर्हास यांनी तोच विदा (आकडेवारी) वेगळा कापून सांगितले की शाळा अर्धवट सोडलेल्या पुरुषांची मजुरी चांगलीच पडली. त्यावर टीका अशी, की त्यांनी निवडलेला नमुना फारच लहान आहे. गंमत म्हणजे बोर्हास स्वतः क्यूबात जन्मले आणि लहानपणी १९६२ मध्ये आईबरोबर मायामीला आले.

निवांत नाना
कास्त्रोने तुरुंग रिकामे करून गुन्हेगार पाठवले होते ना मारिएलला?

टँपाकर
काही पाठवले, पण त्याचा बोभाटा फार झाला. सुरुवात झाली ती पेरूच्या वकिलातीतून. १९८० च्या एप्रिलमध्ये काही लोकांनी बस घेऊन तिचे फाटक तोडले. कास्त्रोने चिडून पहारा काढून घेतला आणि दोन-तीन दिवसांत दहा हजारांवर माणसे आवारात घुसली. झाडांवर आणि छपरांवरही माणसे होती. मग त्याने मारिएल बंदर उघडले. मायामीतले क्यूबन होड्या भाड्याने घेऊन नातेवाइकांना आणायला धावले, तर तिथे सांगण्यात आले की आत्याला नेऊ देतो, पण सोबत ही वीस माणसेही न्या. त्या वीसांत कैदी होते, मनोरुग्णालयातले होते, समलिंगी असल्याचा 'गुन्हा' केलेलेही होते. पण सव्वा लाखांतले बहुसंख्य साधे कामगार.

अमेरिकेला परत पाठवण्यायोग्य वाटलेल्यांची यादी १९८४ मध्ये क्यूबाशी करार करून ठरली, नावे २,७४६. मध्ये थांबलेला हा करार पुन्हा सुरू होताच १९८७ मध्ये अटलांटा आणि ओकडेलच्या तुरुंगांत क्यूबन कैद्यांनी दंगा करून ओलीस धरले. क्यूबा परत घेत नाही आणि अमेरिका सोडत नाही, असे काही जण वर्षानुवर्षे आत सडले. बेमुदत डांबून ठेवता येणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते थेट २००५ साली.

आणि आर्कान्सामध्ये फोर्ट चॅफीच्या छावणीत दंगल झाली, तेव्हा तिथला तरुण गव्हर्नर त्याच वर्षी निवडणूक हरला. नाव बिल क्लिंटन.

बेरकी बोका
म्हणजे १९९४ मध्ये पुन्हा होड्या सुटल्या तेव्हा साहेबांच्या पोटात गोळा आला असणार.

टँपाकर
अगदी तेच. सोव्हिएत मदत बंद झाल्यावर क्यूबात अन्न नाही, वीज नाही. १९९४ च्या जुलैत पळून निघालेली एक टगबोट सरकारी बोटींनी धडका मारून बुडवली, त्यात मुलेही गेली. ऑगस्टमध्ये हवानाच्या समुद्रकिनारी लोक रस्त्यावर आले आणि कास्त्रोने पुन्हा सांगितले, जा. तीस हजारांहून अधिक लोक तराफ्यांवर निघाले. क्लिंटननी त्यांना फ्लोरिडाला न आणता क्यूबातल्याच ग्वांतानामोच्या अमेरिकी तळावर नेऊन ठेवले. सप्टेंबरमध्ये करार: क्यूबाने तराफे रोखायचे, अमेरिकेने वर्षाला किमान वीस हजार जणांना कायदेशीर येऊ द्यायचे. १९९५ च्या मे मध्ये दुसरा करार: ग्वांतानामोतल्यांना आत घेऊ, पण यापुढे समुद्रात सापडेल तो परत. 'जमिनीवर पोचेल तो राहील' हा उरलेला अर्धा भाग म्हणजे कोरडे पाय.

ढब्बू मिरची
मग लोक किनाऱ्यापर्यंत लपाछपी खेळणार, हे कोणाला सुचले नाही?

चिंचगुळ
लपाछपीचे दोन किस्से.

२००३: बारा जणांनी १९५१ चा शेवरोले ट्रक समुद्रात घातला. खाली रिकामी पिंपे बांधलेली, गाडीच्याच इंजिनाला पंखा जोडलेला. कीवेस्टच्या चाळीसेक मैल अलीकडे पकडले. माणसे परत पाठवली, ट्रक बुडवून टाकला. त्यांतल्या काहींनी पुढच्या वर्षी १९५९ ची ब्युइक काढली.

२००६: पंधरा माणसे फ्लोरिडा कीजमधल्या सेव्हन माइल ब्रिजपर्यंत पोचली. पण नव्या पुलापर्यंत नाही, शेजारच्या जुन्या, वापरात नसलेल्या पुलाच्या खांबाला लागली. त्या पुलाचे मधले तुकडे काढलेले आहेत, त्यामुळे तो भाग जमिनीला जोडलेला नाही. सरकार म्हणाले, पाय ओले. क्यूबाला परत. पुढे न्यायाधीशांनी सांगितले की हा अर्थ अवाजवी आहे, पूल अमेरिकेचाच आहे. तोवर माणसे घरी पोचली होती.

रांगेतला राघव
ट्रक चालवत समुद्र ओलांडायला निघालेल्यांना कार्ड द्यायलाच हवे होते. कौशल्याधारित कोट्यातून.

सोनकी
शेवटी राघव विरघळले.

निवांत नाना
त्या लहान मुलाचे काय झाले? एलियान?

अण्णा देवरुखकर
एलियान गोन्झालेस. नोव्हेंबर १९९९, बोट बुडाली, आई गेली, पाच वर्षांचा मुलगा टायरच्या ट्यूबवर तरंगताना सापडला. म्हणजे नियमाप्रमाणे पाय ओले, तरी उपचारासाठी किनाऱ्यावर आणून पॅरोल दिला. मायामीतले नातेवाईक सोडायला तयार नाहीत, क्यूबातला बाप परत मागतो. २२ एप्रिल २००० च्या पहाटे हत्यारबंद सरकारी माणसांनी घरात घुसून त्याला नेले, जूनमध्ये तो बापाबरोबर परत गेला. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात अल गोर ५३७ मतांनी हरले. मायामीच्या क्यूबन लोकांचा राग त्यात किती, हे मोजता येत नाही, पण तिथे सगळे मोजतात. एलियान २०२३ मध्ये क्यूबाच्या संसदेत निवडून गेला.

टँपाकरीण
(टँपाकरांची सौ., खाते माझे वेगळे आहे.) आमच्या ओळखीच्या एक आजी त्या वारादेरोच्या विमानाने आलेल्या. मारिएलवाल्यांना त्या नाके मुरडतात. मारिएलने आलेला त्यांचा शेजारी तराफेवाल्यांना नाके मुरडतो. आता सगळे मिळून मेक्सिकोच्या हद्दीवरून आलेल्यांना नाके मुरडतात. चढलेल्याने लोकलच्या दारात उभे राहून 'आत जागा नाही' ओरडावे, तसे.

विदाप्रेमी
हद्दीवरूनच आलेत खरे तर सर्वात जास्त. समुद्राची गोष्ट रंगते, पण गेल्या पंधराएक वर्षांत मुख्य वाट जमिनीची होती. आधी इक्वेडोरला व्हिसा लागत नसे, तिथून चालत, बसने मेक्सिको. २०१५ मध्ये निकाराग्वाने वाट अडवली आणि आठ हजारांच्या आसपास क्यूबन कोस्टारिकात अडकले. २०२१ च्या नोव्हेंबरात त्याच निकाराग्वाने क्यूबन लोकांना व्हिसा माफ केला. लोक घरदार विकून विमानाने मानाग्वाला जायचे, विचारले तर सांगायचे, 'ज्वालामुखी बघायला चाललो.' २०२२ च्या आर्थिक वर्षात दक्षिण हद्दीवर दोन लाख वीस हजारांहून अधिक क्यूबन नोंदले गेले. मारिएल आणि १९९४ दोन्ही मिळून एवढे नाहीत.

मनस्वी मंगेश
म्हणजे कोरडे पाय रद्द झाल्यावर पाच वर्षांनी सर्वात मोठी लाट! मग या दोन लाखांना १९६६ चा कायदा लागू झाला की नाही?

कायदेपंडिता
इतका वेळ नुसती वाचत होते. इमिग्रेशन वकिलाच्या कचेरीत काम करते, म्हणून या प्रश्नावर लिहिते. सल्ला समजू नये.

हद्दीवर सोडताना अधिकाऱ्याने हातात कोणता कागद दिला यावर सारे अवलंबून. काहींना पॅरोलचा कागद मिळाला. ते वर्षाने अर्ज करू शकले. पुष्कळांना 'आय-२२०ए' नावाचा फॉर्म मिळाला. त्याचा अर्थ, ताब्यातून सोडले आहे, न्यायाधीशापुढे हजर राहा. माणूस तोच, नदी तीच, चौकीही तीच. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये इमिग्रेशन अपील मंडळाने निर्णय दिला की आय-२२०ए म्हणजे पॅरोल नव्हे. म्हणजे १९६६ चा कायदा त्यांना नाही. मायामीत हे सध्या घराघरातले प्रकरण आहे.

बायडन सरकारने जानेवारी २०२३ पासून क्यूबा, हैती, निकाराग्वा आणि (ऑक्टोबर २०२२ पासूनच) व्हेनेझुएला या चार देशांसाठी प्रायोजक असलेल्यांना विमानाने येऊ देणारा पॅरोल सुरू केला, चारही मिळून महिन्याला तीस हजारांपर्यंत. त्यातून आलेल्या लाखभर क्यूबन लोकांकडे निदान खरा पॅरोल होता. ट्रम्प सरकारने मार्च २०२५ मध्ये तो रद्द केला आणि मे अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने खटला चालू असतानाही रद्द करू दिले. इथे सोनकींचा मुद्दा पुन्हा येतो: एकाच योजनेतून आलेल्या क्यूबन माणसाला १९६६ चा आधार शोधता येतो, हैतीच्या माणसाला नाही.

आणि कायदा रद्द का होत नाही म्हणाल, तर १९९६ मध्येच काँग्रेसने तशी तरतूद करून ठेवली आहे. क्यूबात लोकशाही मार्गाने निवडलेले सरकार सत्तेवर आहे असे राष्ट्राध्यक्षाने जाहीर केले की हा कायदा आपोआप जातो.

बेरकी बोका
म्हणजे अमेरिकेचा कायदा कधी संपणार ते हवाना ठरवणार. कास्त्रो वर हसत असेल.

अण्णा देवरुखकर
वर की खाली, यावर वेगळा धागा.

मनस्वी मंगेश
कायदेपंडिता, खूप आभार. एक शेवटचे: नवरा-बायको एकत्र आले आणि एकाला पॅरोल, दुसऱ्याला आय-२२०ए, असे होते का?

कायदेपंडिता
होते. अशी जोडपी आमच्याकडेच आली आहेत. त्यांतल्या त्यांत बरे म्हणजे, या कायद्यात कार्ड मिळालेल्या क्यूबन व्यक्तीच्या जोडीदाराचीही सोय आहे, मग तो कुठल्याही देशाचा असो. पण जोडीदारालाही पॅरोल किंवा रीतसर प्रवेश लागतोच, आणि घोडे तिथेच अडते. तिची फाइल पुढे सरकते, तो न्यायाधीशाच्या तारखांना जात राहतो. एका बाईंनी विचारले होते की दोघे एकाच वेळी अधिकाऱ्यासमोर उभे होतो, मग कागद वेगळे का दिले. फाइलमध्ये त्याचे कारण कुठेच लिहिलेले नसते.